कुरणातील घोडी व सुभानजी पागेदार यांचा मजकूर

श्री. राजा-रंक, पशु-पक्षी सर्वांस अन्न पुरविणाऱ्या जगदीश्वरास दंडवत. सेवकास आज्ञा जाहली की, दुष्काळात कुरणातील घोड्यांचे काय जाहले ते पदरचे न घालता लिहिणे. त्यावरून लिहितो.

शके सोळाशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सर. त्याआधी बारा वर्षे शेजारच्या राज्याशी तह जाहला आणि लढाई उरली नाही, म्हणोन महाराजांनी पागा मोडिल्या. घोडी विकावी तर शत्रूस बळ मिळेल, ठेवावी तर दाणा कोठून आणावा, ऐसा विचार पडला आणि मग दोन हजार घोडी नदीकाठच्या मोठ्या कुरणात मोकळी सोडिली. तेव्हा पागेचे मुख्य सुभानजी काळोखे, बहुत जाणते माणूस, यांनी हात जोडून विनंती केली की, 'महाराज, नर खच्ची करोन मग सोडावे. नाही तर पुढे कुरण पुरणार नाही.' दरबारी हसले. कारभारी बोलिले, 'घोडी वाढली तर राज्याची शोभाच वाढेल.' 

बारा वर्षांत दोन हजारांची नऊ हजार जाहली. त्यांनी गवत मुळासकट खाल्ले, पाणवठे तुडवून चिखल केला, उभ्या पिकांत कळप शिरू लागले आणि गावोगावच्या गाई चाऱ्यावाचून आटल्या. त्यांत शेवटली दोन वर्षे पाऊस पडला नाही. मग गुरे मेली, आणि मग माणसे मरू लागली. घोडी झाडांच्या साली खाऊन हाडे जाहली, तरी फिरत होती. महाराजांनी दरबार भरविला. कारभारी बोलिले, 'घोडी मारून पुरावी, दुसरा उपाय नाही.' सुभानजी मागे उभे होते, ते पुढे होऊन बोलिले, 'पुरू नयेत. शिजवून रयतेस द्यावी.' एकच गलबला जाहला. कारभारी संतापून बोलिले, 'ज्यांच्या पाठीवर बसोन राज्य मिळविले, त्यांस खावे काय?' सुभानजी बोलिले, 'त्यांस उपाशी मरू दिले, ते पाप आधीच घडले आहे. आता पोरे तरी वाचवावी.'  महाराजांनी विचारिले, 'मारील कोण?' सुभानजी बोलिले, 'मी.' महाराजांनी विचारिले, 'आणि खाईल कोण?' 

मग ज्येष्ठ मासी सुभानजी पागेचे जुने स्वार, बारगीर, घेऊन कुरणात गेले. रानात जन्मलेली घोडी माणसाचा वास येताच पळाली. पागेत वाढलेली म्हातारी घोडी मात्र सुभानजींची हाळी ऐकताच माना उंचावून चालत आली, आणि म्हणोन तीच आधी मेली. एक बारगीर भाला टाकून खाली बसला, म्हणाला, 'पागेदार, ही ओळखीने येतात हो!' सुभानजी बोलिले, 'म्हणोनच लवकर कर. वाट पाहावयास लावू नको.'

कुरणालगतच्या पाच गावांसाठी सुभानजींच्या गावाबाहेर कढया चढल्या. भुकेली माणसे दूर बसोन पाहात राहिली, कोणी पुढे येईना. मग बायजा नावाची एक विधवा चार वर्षांची लेक कडेवर घेऊन उठली. मागून लोक ओरडले, 'बायजे, बाटशील!' ती कढईपाशी येऊन सुभानजींस म्हणाली, 'पागेदार, तुम्ही खाल का? तुम्ही खाल्लेत तर माझी लेक खाईल.' सुभानजींनी हात धुतले, मातीत मांडी घातली आणि पहिला घास घेतला. तो गिळला. मग बोलिले, 'वाढा.' बायजेने लेकीस भरविले आणि आपणही खाल्ले. मग एक आला, मग दहा आले, मग सगळा गाव आला, आणि सर्वांनी माना खाली घालोन खाल्ले. ऐसे चाळीस दिवस चालिले. आषाढाच्या अखेरीस पाऊस पडला. तीन हजार घोडी उरली, त्यांतले नर सरकारच्या हुकुमाने खच्ची केले.

पिके आली, आणि मग पंचायत बसली की, ज्याने घोडा खाल्ला तो पंक्तीस नको. विचारिले तर कोणीच खाल्ला नव्हता. सर्वांनी सुभानजींकडे बोट दाखविले. त्यांचे पाणी बंद जाहले, लेकीची सोयरीक मोडली. महाराजांनी बोलावून मानाची वस्त्रे पुढे ठेविली. सुभानजी बोलिले, 'वस्त्रे नकोत. आपण भर दरबारात म्हणावे की, मीही खाल्ला असता. म्हणजे रयतेची जीभ मोकळी होईल.' महाराजांनी मान खाली घातली. सुभानजी मुजरा करोन निघाले.

माघ मासी सुभानजी वारले. तिरडी बांधून अंगणात ठेविली, दुपार कलली, तरी कोणी खांदा द्यावयास येईना. गाव ओट्यांवर बसोन राहिला. बायजा तोवर माहेरी राहावयास गेली होती, ती लेकीचा हात धरोन कोसभर चालत आली आणि चावडीपुढे उभी राहोन मोठ्याने म्हणाली, 'मी खाल्ले. माझ्या लेकीने खाल्ले, म्हणोन ती आज माझ्यासंगे चालत आली.' इतके बोलोन ती सुभानजींच्या अंगणात गेली, तिने पदर खोचला आणि तिरडीस हात घातला. सुभानजींची बायको सगुणाबाई तिरडीच्या दुसऱ्या बाजूस उभी राहिली. मग दोन बारगीर उठले. बाकी कोणी उठले नाही.

एवंच, घोडी सहा हजार मेली, पाच गावे वाचली, आणि पागेदारास खांदा चौघांनी दिला. हे लिहिणारा त्या कढईपाशी चाळीस दिवस जेविला आणि त्या दुपारी ओट्यावरच बसोन होता. घडले ते लिहिले.