ध चा घ

एका जंगलात, बाळांनो, पाट्या वाचता येत असत. म्हणजे बघा किती जुनी गोष्ट.

त्या पाट्या गोदाक्का नावाची साळिंदरीण रंगवायची. पाठीवरचा एक काटा उपटायचा, काजळीच्या शाईत बुडवायचा आणि लिहायचं. अक्षर कसं, तर धान्याच्या पोत्यासारखं. बसकं, सरळ, जाड. कुणी 'वा' म्हणत नसे. वाचत आणि वाटेला लागत.

नदीच्या कड्यावर तिची एक पाटी होती. कडा भुसभुशीत झाला होता. गेल्या साली गोदाक्काची धाकटी बहीण तिथूनच दरडीसकट खाली गेली. आणखी कुणी जाऊ नये म्हणून तिने वीस पावलं अलीकडे पाटी रोवली. वर मोठ्ठं 'धोका'. खाली, 'दरड सैल आहे. पुढे जाऊ नये.'

पुढे वाघोबा महाराजांना या पाट्यांची लाज वाटायला लागली. शेजारच्या जंगलाचे पाहुणे यायचे होते ना. मग करकोपंतांना बोलावणं गेलं. हे पंत म्हणजे चार तळी हिंडून आलेला करकोचा.

पंतांनी 'डौल' नावाचा फॉन्ट काढला. अक्षरं त्यांच्यावरच गेली होती. पोट हे एवढं, पाय काडीचे, आणि उभं राहायचं ते उजवीकडे कलून. जाड रेघ ओंडक्याएवढी, बारीक रेघ केसाएवढी. हा फॉन्ट लांबून बघण्यासाठी आहे, असं पंत म्हणाले. वाचण्यासाठी आहे असं ते कधीच म्हणाले नव्हते, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

आता तुम्ही ध काढताना डोक्यावरची रेघ जरा तोडता की नाही? पंतांना ती फट भिकार वाटली. त्यांनी रेघ सलग ओढली. ध चा वरचा वळसा इतका बारीक केला की चार हातांवरून दिसेना. झाला घ. धोक्याचं झालं 'घोका'. खालच्या दोन ओळी तर नाक टेकवल्याशिवाय लागेनात. शिवाय पाटी नेली कड्याच्या अगदी टोकावर, आभाळापुढे उठून दिसते म्हणून.

गोदाक्का दरबारात गेली. वाचता येत नाही, कुणीतरी मरेल, असं स्पष्ट म्हणाली.

पंतांनी मान तिरकी केली. "आक्का, अक्षर वाचायचं नसतं. अनुभवायचं असतं."

महाराजांनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण तसं कबूल करणारा राजा तुम्ही पाहिलाय का? गोदाक्काची दृष्टी जुनाट आहे असं ठरलं आणि तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर आधी रानडुकरं आली. मेली अडाणी. पाटीकडे ढुंकूनही बघितलं नाही. जमिनीची भेग बघितली आणि मागे फिरली.

मग चितळांचा कळप आला. चितळं म्हणजे शिकलेली मंडळी, शाळेत घोकंपट्टीत कायम पहिली. त्यांनी लांबूनच वाचलं, घोका. हरखून गेली. पण घोकायचं काय? ते खाली बारीक लिहिलेलं. म्हणून पुढे सरकली, आणखी पुढे सरकली. टोकावर पोचल्यावर ओळी लागल्या. मग बावीसच्या बावीस जणं तिथेच बसून, डोळे मिटून घोकायला लागली, दरड सैल आहे, पुढे जाऊ नये, दरड सैल आहे, पुढे जाऊ नये.

गोदाक्का धापा टाकत आली. "अगं बायांनो, मागं फिरा! घोका नाही, धोका आहे तो!"

म्होरक्या चितळिणीने एक डोळा उघडला. "आक्का, मध्ये बोलू नका. पाठ होत आलंय."

पाठ झालं आणि दरड गेली. बावीसजणांसकट.

पाटी तेवढी एका मुळाला अडकून राहिली, डावीकडे झुकून. महाराज आले, पंत आले. पंतांनी पाटी पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"कलणं गेलं हो," ते म्हणाले. "अक्षरं सरळ दिसताहेत."

महाराजांनी लगेच पाटी पुन्हा ताठ उभी करायचा हुकूम सोडला. गोदाक्का खाली नदीकडे बघत होती. तिच्या पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले होते, पण लिही असं तिला कुणी सांगितलं नाही.

तात्पर्य: ध चा मा करायला निदान मनात पाप लागतं, ध चा घ करायला नुसती हौस पुरते. तेव्हा बाळांनो, अक्षर नेहमी देखणंच काढा. वाचणाऱ्यांची काळजी करू नका, ते फार दिवस राहत नाहीत. आता हे घोका.