परबकाकांच्या खिशातला मुकादम

अन्याय माझ्यावर झाला. गेल्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, मुलुंड पूर्वेतल्या आमच्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्यावर. करणारा इसम: विठ्ठल परब, राहणार तळमजला, निवृत्त फिटर, वय अडुसष्ट. वापरलेलं हत्यार: खिशात मावणारी घडीची पक्कड, जिच्या पोटात चाकू, कात्री, कानस, चिमटा आणि दोन स्क्रू ड्रायव्हर असतात. दुकानदार तिला मल्टीटूल म्हणतात. परबकाका तिला मुकादम म्हणतात.

त्या जिन्याच्या कठड्यासाठी मी दहा महिने लढत होते. आठ अर्ज दिले, तीन पत्रकं वाटली. तिसऱ्याचा मथळा 'कठडा सैल, कमिटी सुस्त' हा होता आणि तो मला अजूनही आवडतो. रविवारी अखेर सेक्रेटरी दळवी पाहणीला आले. वरच्या-खालच्या पायऱ्यांवर अख्खी इमारत जमली. मी कठड्याला पाठ टेकून भाषण सुरू केलं. निष्काळजीपणा झाला, दिरंगाई झाली, रहिवाशांच्या जिवाशी खेळ झाला. मग "आणि हे बघा!" म्हणत मी वळले आणि दोन्ही हातांनी कठडा गदागदा हलवला.

कठडा हलला नाही. मी हलले.

"कुठे हलतोय?" दळवींनी विचारलं.

खालच्या पायरीवर परबकाका उकिडवे बसले होते आणि रुमालाने पक्कड पुसत होते. "झाला गो," ते म्हणाले. "नट ढिलो होतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी. सगळ्यांत मोठी टाळी माझ्या आईची होती.

"पत्रकं उरली असतील ना गं?" जाता जाता दळवी म्हणाले. "दे माझ्याकडे. घरी कपाटात अंथरायला कागद हवाच आहे."

आता हा माणूस काय आहे ते तुम्हाला सांगते. परबकाकांकडे असे सहा मल्टीटूल आहेत. एकेकाला ते पंधरा दिवस नोकरीवर ठेवतात, म्हणजे पंधरा दिवस तोच खिशात आणि इमारतीतलं प्रत्येक काम त्यानेच. प्रत्येकाला नाव आहे. मुकादम बुटका आणि दणकट. नवरदेव चकचकीत, पण जरा जोर लावला की त्याचा सांधा कुरकुरतो. एक कारकून आहे, त्याची कात्री कागदाशिवाय काही कापत नाही. आणि साहेब. साहेब वजनाला अर्ध्या विटेएवढा आहे. तो हाफ पॅंटच्या खिशात असला की काकांना एक हात कायम पॅंटला द्यावा लागतो. प्रजासत्ताक दिनाला झेंड्याला सलाम करताना त्यांनी तो हात सोडला. पुढचं मी लिहीत नाही. इमारतीतल्या बायकांनी राष्ट्रगीत वर बघून पूर्ण केलं.

परीक्षा घेतल्याशिवाय यातलं कुठलंही हत्यार चांगलं म्हणून ते मान्य करत नाहीत. डबीवर काय छापलंय ते वाचून दाखवलं तर हसतात. "कागदावर सगळेच पैलवान," म्हणतात. हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणतात, असा माझा अनुभव आहे.

एकदा मॉलच्या दारात त्यांना सुरक्षारक्षकाने अडवलं. "चाचा, चाकू अलाऊड नहीं." काकांनी चाकू सोडून बाकीचे अकरा उपयोग करून दाखवले. अकराव्यासाठी रक्षकाचीच डुगडुगणारी खुर्ची उलटी केली. मी तिथेच बाहेर वृक्षतोडीविरुद्ध सह्या गोळा करत होते. तासाभरात मला चार सह्या मिळाल्या. काकांभोवती वीस माणसं उभी होती आणि त्यातल्या एकाने, खोटं वाटेल, मला विचारलं, "मॅडम, जरा बाजूला होता का? दिसत नाही."

म्हणून म्हणते, मला राग येतो, आणि हा राग तत्त्वाचा आहे असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. तत्त्वाचा नाही. मला जळायला होतं. मी वर्षभर घसा कोरडा करून जे मागते ते हा माणूस खिशातून काढतो. मी दार वाजवलं की लोक आतून विचारतात, "कशावर सही करायचीय?" त्यांनी वाजवलं की दार सताड उघडतं.

आमच्या घरात तर कहरच. गेल्या महिन्यात कढईच्या झाकणाची घुंडी निघाली. मी म्हटलं, "आई, मी बसवते." आई म्हणाली, "तू राहू दे. परबांना हाक मार." आणि ते आले, साहेबाला घेऊन. साहेबाचा स्क्रू ड्रायव्हर त्या स्क्रूच्या खाचेत बसेना. घसरे, परत लावत, परत घसरे. मी घरातला साधा स्क्रू ड्रायव्हर पुढे केला.

"तो बाजूक ठेव," काका म्हणाले. "ह्याची परीक्षा चालू असा."

"काका, अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"माका घाई नाय."

मी रागाने बाहेर पडले. पन्नास मिनिटांनी परत आले तेव्हा ते नुकतेच उठत होते आणि आईचे डोळे हसून हसून ओले झाले होते. कशाला हसलात विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, असंच."

तर रविवारच्या त्या प्रकारानंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यांच्या घरी हा माणूस साहेब घेऊन तासभर घसरत बसतो. मग माझ्या सभेतच, नवरदेवाचे पंधरा दिवस चालू असताना, नेमका मुकादम कसा निघाला? माझ्याच कठड्याचं काम दोन मिनिटांत कसं उरकलं? हा कट होता. दळवींनी सांगितलं असणार. मी बसून चौथं पत्रक लिहिलं. मथळा: 'परबांची पक्कड कोणाच्या हातात?' येत्या रविवारच्या बैठकीत ते वाटायचं ठरवलं आणि वाटण्याआधी आरोपीला दाखवायचं, एवढा न्याय मी पाळते, म्हणून बुधवारी दुपारी तळमजल्यावर गेले.

दार उघडंच होतं. काकू गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ते एकटेच असतात. घरात सगळं जागच्या जागी होतं. एकही दार करकरत नव्हतं, एकही मूठ हलत नव्हती. टेबलावर सहाही मल्टीटूल रांगेत आणि पुढे एक लांबट वही.

काकांनी पत्रक चष्मा लावून पूर्ण वाचलं. "मथळो झकास असा," म्हणाले. "पण दळव्यान माका काय सांगूक नाय."

"मग मुकादम कशाला काढलात? आमच्याकडे साहेब आणता आणि माझी वाट लावायला मुकादम?"

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "तू कठड्याक टेकून बोलत होतंस. तुझो सगळो भार थय होतो. एकच नट उरलेलो, तोय अर्ध्यार. मागे दीड मजलो खाली. थय परीक्षा करुची नसता गो."

दहा महिने आणि आठ अर्ज, पण त्या कठड्याच्या बुडाशी मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. सैल आहे हे सिद्ध करायला मी रोज त्यालाच रेलून बोलत होते.

"चाय ठेवतंय," म्हणून ते आत गेले. मी वही ओढली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मलाही कळतं, पण पुरावा समोर होता. पानापानांवर सुबक अक्षरात नोंदी होत्या: कुठलं हत्यार, कुणाचं घर, काय काम, किती वेळ. शेवटच्या पानावर निकाल होता. मुकादम शेवटचा. साहेब पहिला!

मला वाटलं, म्हाताऱ्याने यादी उलटी लिहिली. मग मी नोंदी वाचल्या.

'मुकादम. चौथा मजला, बाथरूमची कडी. दोन मिनिटे. दारातच थँक्यू.'

'मुकादम. पहिला मजला, चष्म्याची काडी. एक मिनिट. दारातच.'

'नवरदेव. तिसरा मजला, मिक्सरचा पाय. वीस मिनिटे. पाणी, एक लाडू. मॅच लावलेली होती.'

'साहेब. दुसरा मजला, प्रज्ञाची आई, झाकणाची घुंडी. पन्नास मिनिटे. चहा दोनदा. लहानपणी शाळेच्या नाटकात बाई राजा झाल्या आणि मिशी चहाच्या कपात पडली ते सांगितले. फार हसलो. हत्यार उत्तम.'

आई नाटकात राजा झाली होती हे मला ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षं मी त्या बाईच्या घरात राहते. मला परत जळायला झालं, पण या वेळी काकांवर रागावायची सोय नव्हती. आईसमोर मी कधी सलग पन्नास मिनिटं बसले होते?

काका कप घेऊन आले. वही माझ्या हातात बघून थबकले आणि चोरी पकडलेल्या पोरासारखे कानापर्यंत लाल झाले. "साहेबाचा पोलाद चांगला असता," घाईने म्हणाले. "म्हणान पयलो नंबर."

"हो का," मी म्हटलं. "दिसतंय ते."

चहात साखर जास्त होती. मी तो हळूहळू प्यायले.

चौथं पत्रक मी वाटलं नाही. त्याऐवजी हे लिहिलं आहे, आणि मागणीशिवाय लिहायची मला सवय नाही. तेव्हा वाचणाऱ्या प्रत्येकाकडे, तुमच्याकडे, ही मागणी आहे: तुमच्या इमारतीत जो कोणी हत्यार घेऊन येतो आणि दोन मिनिटांत काम करून देतो, त्याला दारातून परत पाठवू नका. आत घ्या. बसायला सांगा. त्याच्या बोलण्यातलं एक वाक्य संपेपर्यंत तुम्हीही बसा. हे उद्या नको, आजच करा.