शशीचं पान

कानात बोळे घालून ड्रम वाजवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्याच रॉक बँडमध्ये होता. फॅक्टरीत मिळतात ते पिवळे, स्पंजचे बोळे. केळकर ते आधी बोटांनी वळायचे, मग एकेक करून कानात बसवायचे आणि म्हणायचे, "आवाज मर्यादेबाहेर आहे." त्यातला निम्मा आवाज तेच करत होते, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ऐकू येत नसे.

केळकर मूळचे पुण्याचे. बहारीनला मआमीरजवळच्या एका फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर होते आणि घरी, दारी, झोपेतसुद्धा सेफ्टी ऑफिसरच असावेत असा आम्हाला संशय होता. लग्नाला गेले तर आधी हॉलचे दरवाजे मोजायचे. "जीव राहिला तर सूर लागेल" हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि त्यावर कोणी तोंड उघडलंच तर "नियम म्हणजे नियम" हे दुसरं. तिसरं वाक्य मी फारसं ऐकलं नाही.

अशा माणसाला रॉक बँडमध्ये आणलं ते शशी मयेकरने. शशी मालवणचा, कंपनीची पिकअप चालवायचा. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून त्याने इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प्लिफायर घेतला आणि लगेच बँड काढला. त्यात तो, ड्रमवर केळकर, बेसवर हसन नावाचा बहारीनी मेकॅनिक, आणि चिपळूणला भजनात पेटी वाजवणारा मी, म्हणून ऑर्गनवर मी. सगळ्यांना सुट्टी एका शुक्रवारचीच, म्हणून बँडचं नाव 'फ्रायडे ऑफ'. मला ते नाव तेव्हाही आवडायचं, आजही आवडतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बहारीनमध्ये कुठल्याही गॅदरिंगला 'फ्रायडे ऑफ'शिवाय पान हलत नव्हतं, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

प्रॅक्टिस मआमीरच्या एका गोदामात, जेवणानंतर. तिथे केळकर अधूनमधून आगीची ड्रिल घ्यायचे. ऐन जुलैत, गाणं रंगात आलेलं असताना शिट्टी वाजायची आणि आम्ही सगळे रस्त्यावर उन्हात ओळीने उभे. एकदा शशी गिटार घेऊनच बाहेर आला.

"मयेकर, नियम असा आहे की हातातलं सोडून बाहेर यायचं," केळकर म्हणाले.

"हातातला सोडूचा तर भायर येवन करू काय?" शशी म्हणाला.

यावर केळकरांकडे नियम नव्हता. त्या दिवसापासून दोघांचं मेतकूट जमलं. शशीची बायको बॅरेकमध्ये एकट्याने राहणाऱ्या आम्हा माणसांची कीव येऊन दर शुक्रवारी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं पाठवायची. त्यातले सगळ्यात जास्त घावणे केळकर खायचे. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन.

शशीने एक गाणं केलं होतं, 'यल्ला होडी'. शब्द थोडे मालवणी, थोडे हिंदी, आणि 'यल्ला', म्हणजे अरबीतलं 'चला', हसनकडून आलेला. पण खरं गाणं मधल्या गिटारीत होतं. त्यांच्या गावच्या देवळात भजनाला गजर चढतो, तो त्याने गिटारीवर चढवला होता. हळू सुरू व्हायचा आणि मग लय अशी वाढत जायची की समोरचे पठाण, मल्याळी, अरब, सगळे खुर्च्या सोडून उठायचे. असं वाजवणारा माणूस आखातात दुसरा नव्हता. मला कोणी विचारलं तर अजूनही हेच सांगेन.

आणि एका उन्हाळ्यात शशी गेला. हार्ट अटॅक. केळकर हॉस्पिटलच्या पायरीवर बसून म्हणाले, "याला हेल्मेट नसतं."

वहिनी, म्हणजे शशीची बायको, तिथल्याच हॉस्पिटलात नर्स, त्यामुळे त्यांचा व्हिसा राहिला आणि त्याही राहिल्या. आम्हीही काही महिन्यांनी पुन्हा जमलो. पहिल्याच शुक्रवारी केळकरांनी शशीचा ॲम्प्लिफायर पुसून जागेवर ठेवला आणि चालू केला. नुसता पंखा चालू राहिला तर आमची हजेरी घेणारा हा माणूस. त्यांनी जाहीर केलं, "यल्ला होडी वाजवायचं. मधली गिटार कोणी वाजवायची नाही. ते शशीचं पान आहे. वाढलेलं."

स्वतःच्या वडिलांचं श्राद्ध न घालणारे केळकर हे बोलले म्हणून आम्ही ते मानलं. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात असं व्हायचं की गाणं मध्यावर यायचं, मी आणि हसन हात थांबवायचो, केळकर हलक्या हाताने लय धरून ठेवायचे, आणि शशीचा ॲम्प्लिफायर लाल दिवा लावून नुसता घूं करत बसायचा. तेवढ्यापुरता केळकर एका कानातला बोळा काढायचे. नवे लोक समजायचे, गिटारवाला बाथरूमला गेला. एक शेख हसनला हळूच म्हणाला, "मफी गिटार?" म्हणजे गिटार नाही का? हसन आकाशाकडे बोट दाखवून मोकळा झाला.

वहिनींचा डबा येतच होता. केळकर मात्र त्याला हात लावेनासे झाले. "ॲसिडिटी," म्हणायचे. पुण्याच्या माणसाला ॲसिडिटी असते, म्हणून आम्ही खोलात गेलो नाही.

मग जोजी आला. केरळचा, इलेक्ट्रिशियन, आणि गिटारीवर हात असा की शशीने त्याला मिठी मारली असती. दोन वर्षं त्याने शशीचं पान सांभाळलं. पण ईसा टाउनच्या शाळेच्या मैदानावर मोठा कार्यक्रम ठरला आणि आदल्या शुक्रवारी त्याने गिटार पेटीत ठेवली.

"केळकर साब, मैं प्लेयर है, वॉचमन नहीं है. आधा गाना मैं खाली खड़ा रहता है. पब्लिक हँसता है. ये गाना में मैं बजाएगा, नहीं तो दूसरा बैंड है मेरे पास."

"नियम म्हणजे नियम," केळकर म्हणाले. "कार्यक्रम रद्द करू."

हसन "खलास" म्हणून बेसची वायर गुंडाळायला लागला. मला दिसत होतं की बँड संपला. शशीने उभा केलेला बँड शशीच्याच नावाने संपणार होता, आणि ड्रममागचा हा माणूस कानात बोळे घालून ते होऊ देत होता.

त्या दिवशी डबा घेऊन वहिनी स्वतः आल्या होत्या. दारातच उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. आत आल्या, डबा ड्रमवर ठेवला आणि केळकरांना खुणेने बोळे काढायला लावले.

"भावजी, पान वाढल्यावर काय होता? कावळो शिवापर्यंत घरातला कोण जेवणा नाय. तुम्ही एवढी वर्षां उपाशीच बसलास. ह्यांका आवडला असता?"

केळकरांनी डब्याकडे पाहिलं, ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. मग उठून गोदामाच्या सगळ्या वायरी तपासत फिरले. कार्यक्रम रद्द करायची भाषा मात्र मागे पडली. जोजी तेवढ्यावर थांबला.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान भरलं होतं. पोरं, आयाबाया, शिफ्ट बदलून आलेली माणसं. पहिल्या रांगेत वहिनी. आम्ही स्टेजवर चढलो तर केळकर शशीच्या ॲम्प्लिफायरपुढे उकिडवे बसलेले. त्यांनी तो पुसला, प्लग दोनदा हलवून पाहिला, आणि मग जोजीच्या गिटारची वायर घेऊन स्वतःच्या हाताने त्यात खोचली. "अर्थिंग ठीक आहे," एवढंच म्हणाले.

'यल्ला होडी' मध्यावर आलं. जोजीने शशीचा गजर धरला, हळू, अगदी तसाच. मला ऑर्गनच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या. लय चढली तसा जोजी त्यातून निघाला आणि स्वतःच्या वाटेने गेला, कुठेतरी त्यांच्याकडच्या चेंडा नावाच्या ढोलाच्या तालात, आणि अख्खं मैदान उभं राहिलं. मी मागे पाहिलं. केळकरांनी एक बोळा काढला होता. मग दुसराही काढला, आणि मर्यादेबाहेरचा तो सगळा आवाज दोन्ही कानांनी ऐकत ते वाजवत राहिले. गालांवरून पाणी वाहत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही. वाजवताना हात सोडायचा नाही, हा नियम असावा.

कार्यक्रम संपला. लोक स्टेजवर चढून जोजीला उचलत होते. केळकर त्या गर्दीतून वाट काढत खाली उतरले आणि वहिनींसमोर जाऊन उभे राहिले. बोळे मुठीतच होते.

"वहिनी," ते म्हणाले, "डबा आणलाय का? भूक लागली."