मटणाच्या ताटाभोवती पाणी

आमचा कोंडबामामा मटण खायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवतो. थट्टा नाही. समोर लालभडक तर्रीचा रस्सा, त्यात नळी, बाजूला ज्वारीची भाकरी. आणि हा माणूस उजव्या हातात पाणी घेऊन, डोळे मिटून ताटाला वळसा घालतो. जणू पुरणाचा नैवेद्यच वाढलाय. भाकरीचे चार कण बाजूला ठेवतो. मग नळी उचलतो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी ओढतो.

मी चळवळीतली पोरगी. हिंगोलीच्या चौकात पत्रकं वाटते, लिहितेही मीच. 'आपली संस्कृती कोणती?' हा माझा आवडता मथळा. त्याखाली जे जे करू नये म्हणून मी लिहिते, ते सगळं माझा सख्खा मामा रोज जेवताना करतो! संताप येणार नाही तर काय?

"मामा, आपण मेंढरंवाले लोक. हे आपलं न्हाई."

"बराबर हाय."

"मग काहून फिरवतो पाणी?"

"पाण्याला काय कळतं पोरी, ताटात काय हाय ते?"

आता यावर पत्रक काढून दाखवा.

झालं असं की, माझा आजोबा, म्हणजे मामाचा बाप, पुसेगावकडचा. लोकांच्या शेतात मेंढरं बसवायचा. कळप रात्रभर बसला की जमिनीला खत मिळतं. त्यात एक शेत हिंगोलीतल्या देवळाच्या गुरुजींचं. गुरुजी म्हणाले, "पोरगं हुशार आहे, शाळेला आमच्याकडे ठेवा." मामा तिथं राहून मॅट्रिक झाला, पुढं कॉलेजात कारकून लागला, आणि जन्मभराचा अर्धा इकडं अर्धा तिकडं होऊन बसला.

त्याची भाषाच ऐका. अंगणात शिरलेल्या शेळीला म्हणतो, "कृपा करून बाहेर हो ना बे!" साहेबांना म्हणतो, "आपला अर्ज मी अवलोकन करून राहिलो." देवपूजेला आजोबाचं जुनं घोंगडं पांघरून बसतो. का, तर लोकर सोवळी. "मेंढरू कुठं का लोळंना, लोकरीला विटाळ न्हाई," हे त्याचं शास्त्र.

गावाकडं त्याला 'भटजी' म्हणतात. ऑफिसात विचारतात, "कोंडबा, चांगला बोकड कुठं मिळेल हो?" मी त्याला सांगितलं, दोन्हीकडचे तुला हसतात. तो म्हणाला, "हसून राहिले, म्हंजे बोलून तर राहिले ना."

आणि अशात संतोषची, म्हणजे मामाच्या पोराची, सोयरीक आली. पोरगी डोंगरकडा गावची. संतोषला ती मनापासून आवडलेली. पण तिचा बाप रामजी मोठ्या कळपाचा धनी, रीतीला कडक. त्यानं आधीच कुणाकडं तरी विचारलं होतं, "पोराचा बाप आपल्यात हाय का त्यांच्यात?" ते घर पाहायला येणार, जेवण मटणाचं. संतोष माझ्याकडं आला, रडायचाच बाकी. "ताई, एक दिवस बाबांचं पाणी थांबव. लग्न मोडंल माझं."

मी मामाला बसवून पाऊण तास भाषण दिलं. मामानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बराबर हाय. पोराचं सुख मोठं."

पाहुणे आले, रामजी आणि त्याची पोरं. पुढच्या खोलीत पंगत बसली. मामी आतून भाकरी थापून देत होती, मी वाढत होते. रामजीनं पहिला घास घेतला, बाकीचे सुरू झाले. मामाचा हात तांब्याकडं गेला. संतोषनं माझ्याकडं पाहिलं. मामाचा हात मागं आला. मी मनात म्हटलं, जिंकलो!

पण मामा जेवेचना. घास मोडला, रश्शात बुडवला आणि हातात धरून बसून राहिला.

"काहून जेवून न्हाई राहिले?" रामजी म्हणाला.

"जेवतो की."

"रस्सा जमला न्हाई का?"

"तसं न्हाई," मामा म्हणाला. मग खाली बघत बोलला, "गुरुजीच्या घरी माझं ताट ओसरीवर असायचं. आत गुरुजी अन् त्यांची दोन पोरं. दारातून दिसायची. ते पाणी फिरवायचे, मी बी बाहेर फिरवायचो. शिकवलं कुणी न्हाई. एकदमच सुरू केलं की मला वाटायचं, आपण बी त्यांच्याच पंगतीत हाव. आता त्याच्याबिगर घास उतरत न्हाई."

माझं डोकं तिथंच तापलं. 'ओसरीवरचं ताट!' मथळासुद्धा तयार झाला. मामानं माझं तोंड पाहिलं असावं.

"पत्रक काढू नको बरं पोरी. गुरुजीच्या घरची काकू मला भाजी दोनदा वाढायची."

संतोषनं मान खाली घातली ती घातलीच. रामजीनं हातातला घास ताटात ठेवला. आपल्या पोरांकडं पाहून म्हणाला, "थांबा रे समदे." मग स्वतःचं ताट उचललं आणि मामाच्या मांडीला मांडी लावून बसला.

"आमी थांबलो हाव, इवाई. तुमी म्हणाल तवा सुरू करू."

इवाई म्हणाला तो, व्याही! म्हणजे सोयरीक झाली. संतोषला हे कळायला जरा वेळ लागला.

मामानं त्या सगळ्या थांबलेल्या हातांकडं एकदा पाहिलं. आता हा पाणी फिरवणार, असं वाटून मीच तांब्या पुढं सरकवला. त्याचं लक्षच नव्हतं. त्यानं स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "अगं, आत एकटी काय करून राहिली? तुझं बी ताट घेऊन ये. समदे थांबलेत."

बायकांनी पंगतीत बसावं म्हणून मी गावोगाव बोंबलत हिंडले आहे. माझ्या स्वतःच्या मामीला हे म्हणायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मामी पदराला हात पुसत आली. पाहुण्यांसमोर लाजली, आणि ताट घेऊन उंबऱ्यापाशीच टेकायला लागली.

"दारात नको," मामा म्हणाला. "इकडं आत बस."