दामूअण्णांचा चढ

आमचे शेजारी दामूअण्णा रोज सकाळी सायकलच्या कॅरियरला कांद्याची गोणी बांधून उड्डाणपूल चढायचे, पलीकडे उतरायचे आणि तीच गोणी घेऊन परत यायचे. कांदे विकायचे नव्हतेच. शेवटी त्यांना कोंब फुटले.

"नाशिकरोडला सगळं मिळतं, आक्का. चढ तेवढा मिळत नाही," हे त्यांचं रोजचं रडगाणं. समोरून वारा सुटला की खूश होऊन त्याच दिशेला सायकल काढायचे. पुलावरच्या पोलिसाने एकदा विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

"नाही, दम वाढवतोय."

"मग घरी वाढवा. इथे ट्रॅफिक आहे."

साठी उलटलेला माणूस. मला वाटलं, डोकं फिरलं.

मग एकदा जिन्यात त्यांनी माझं वजन विचारलं.

"खांदेकऱ्यांना कळेल तेव्हा," मी म्हटलं.

"तसं नाही हो. गोणी गप्प बसते. माणूस हलतं, बोलतं. त्याची सवय पाहिजे. तुम्ही आमच्या सुमनएवढ्याच आहात."

"मग बायकोलाच बसवा की."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "तिला आत्ताच सांगायचं नाही. जमलं नाही तर?"

सुमनचं माहेर सप्तशृंगी गडावर. सपाट रस्त्यावर तिला काही होत नाही, पण नांदुरीचा घाट लागला की बस असो, जीप असो, ओकून अर्धी होते. मागच्या वेळी निम्म्या घाटातून परत आणावी लागली. गुडघ्यांमुळे चालवतही नाही. वर तिची आई अंथरुणाला खिळलेली, रोज फोनवर विचारते, कधी येतेस. सायकलवर मात्र सुमनला कधी मळमळत नाही.

मी बसले. पुलाच्या निम्म्यावरच त्यांची छाती भात्यासारखी वाजायला लागली. मी मुद्दाम बोलत राहिले आणि हलतही राहिले.

थंडी सरल्यावर ते तिला घेऊन निघाले. नांदुरीपर्यंत टेम्पोत, पुढे सायकलवर. दुपार टळली तरी फोन नाही. मी चहा केला आणि तसाच ठेवला.

शेवटी सुमनचा फोन आला. "आक्का, पोचलो."

"उलटी झाली?"

"मला नाही. ह्यांना झाली. दारातच."

मागून म्हातारीचा आवाज येत होता. अंथरुणातूनच दटावत होती, "जावईबापू, आधी लिंबू चोखा. सायकल नंतर पुसा."