ग्यानबाची सुई

आमचा शेजारी ग्यानबा रोज सकाळी ओट्यावर बसून सुईत दोरा ओवायचा. शिवायचा काहीच नाही. सदऱ्याचं बटण तुटलं तर बायकोलाच हाक. पण ऊन ओट्यावर आलं की सुई-दोरा हातात, तोंड घराच्या दाराकडं, आणि दोरा गेला की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "हाय का नजर? चष्मा तरी हाय का?"

गल्ली म्हणायची, म्हातारा चळला. मी बी म्हणायचो.

सुरुवात दातापासून झाली. ग्यानबाच्या वरच्या दाढा हलायच्या, राखुंडी लावली की हिरड्यांतून रक्त यायचं. मी त्याला मुरुडहून लातूरला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी बारका आरसा तोंडात घालून बघितलं. "बाबा, खालच्या दोन दाढा रूट कॅनल करून वाचतील, वरून टोपी बसवू. वरच्या मात्र काढाव्या लागतील, मग कवळी. आणि ती राखुंडी आजपासून बंद."

"काढा," ग्यानबा म्हणाला. "पण एका खेपंला एकच."

चार खेपा झाल्या. दर खेपेला घरी आला की तोंडात कापूस, बोलायची सोय नाही, तरी पठ्ठ्या दोरा ओवून सुई बायकोच्या नाकापुढं नाचवायचा.

"हे काय सोंग रे?" मी विचारलं.

"सोंग न्हाई. तिची बी दाढ काढायची हाय. सांगून ऐकत न्हाई, बघून ऐकंल."

त्याच्या बायकोची, सुंदरावहिनींची, वरची दाढ वर्षभर ठणकत होती. लवंग दाबायच्या, भाकरी दुधात कुस्करून गिळायच्या, पण लातूरचं नाव काढू द्यायच्या नाहीत. वरची दाढ काढली की डोळा जातो, हे त्यांना आईनं सांगितलेलं. खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाढेचा नजरेशी काही संबंध नाही. पू तसाच ठेवला तर ते वाईट. पण वहिनींच्या हातची वाकळ पंचक्रोशीत नावाजलेली. डोळा म्हणजे त्यांचा जीव.

"तुमचं डोळं बैलाचं हायत," त्या म्हणायच्या. "माझं गेलं तर वाकळ कोण शिवंल, तुम्ही?"

"शिवीन की! दोरा तर रोज ओवतोय!"

हुरड्याच्या दिवसांत वहिनींचा गाल एवढा सुजला की डोळा मिटला. ग्यानबानं समोर बसून सुई घेतली. दोरा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. चौथ्यांदा गेला.

वहिनी बघत होत्या. "चला," त्या म्हणाल्या. "पण सुई संगं घ्या."

डॉक्टरीणबाईंनी आधी गोळ्या देऊन सूज उतरवली, मग पुढच्या खेपेला इंजेक्शन देऊन दाढ काढली. वहिनी बाहेर आल्या, तोंडात कापूस दाबलेला. बाकड्यावर टेकल्या आणि ग्यानबापुढं हात केला. सुई घेतली, दोरा घेतला. एका झटक्यात आरपार!

बाकड्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ग्यानबा तर दवाखाना हलेल असा गरजला, "हाय का नजर!"

स्टँडवर वहिनी पुढं जाऊन गाडीत चढल्या. ग्यानबानं माझी बाही धरली. "पाटी काय म्हणती रे? मुरुडचीच हाय ना?"

पाटीवरची अक्षरं हातभर होती. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"मोतीबिंदू हाय," तो हळूच म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत. दाढा हलायच्या लई आधीपासनं. पण तिला कळलं असतं तर म्हणली असती, दाढा काढल्या म्हणूनच गेलं."

"आन् मग सुई?"

"नेढं नखाला लागतं. रोज दुपारी शेतात बसून सराव केलाय." त्यानं माझी बाही ओढली. "आता मला डोळ्याच्या डॉक्टराकडं कधी नेतोस?"

तेवढ्यात खिडकीतून कापसाच्या तोंडानं हाक आली, "अवो, इकडं! जागा धरलीया!"

वहिनींच्या हातात ती सुई होती, दोऱ्यासकट. ग्यानबाला ती दिसत नव्हती. तो छाती काढून आवाजाच्या दिशेनं निघाला.