बोंबील ग्रहाचा राजा

मुलीचा चेहरा पडलेला दिसला तर शहाण्या बापाने आधी चहा घ्यावा, पेपर चाळावा आणि मग जमलंच तर "काय गं, काय झालं?" असं विचारावं. मी चपला काढायच्या आधीच विचारलं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आमची श्रुतिका नववीत आहे. तलासरीच्या एका संस्थेने शाळकरी मुलांसाठी लघुपटांची स्पर्धा ठेवली होती. हिने परग्रहावर उतरणाऱ्या एका मुलीची गोष्ट लिहून पाठवली. त्यावर संस्थेच्या सल्लागारांचा फोन आला. हे दाढीवाले सर मुंबईहून येतात आणि आमच्या भागावर त्यांचं फार प्रेम आहे. ते म्हणाले, "बेटा, कल्पना गोड आहे. पण सायन्स फिक्शन तुम्हाला कुठे झेपणार? तुमच्याकडे चिकू आहे, समुद्र आहे, सुकी मासळी आहे. त्यावर छानशी डॉक्युमेंटरी करा ना!"

"पप्पा, यान काय फक्त अमेरिकेतच उतरतं?" श्रुतिकाने विचारलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज भांडणाचा होता.

माझं डोकं फिरलं. (ते सहसा फिरत नाही. डहाणू स्टेशनच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्याचं डोकं फिरायला लागलं तर नोकरी टिकायची कशी?) मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "यान डहाणूतच उतरेल! कोण अडवतो बघू! काय लागेल ते माग."

"एक परग्रह लागेल," ती डोळे पुसत म्हणाली.

"आधी गॅसचा नंबर लावा," आतून आमच्या सौ. नीलमचा आवाज आला, "मग परग्रह आणा."

परग्रह शोधायला आम्ही चिखल्याच्या किनाऱ्यावर गेलो. पण जिकडे कॅमेरा फिरवावा तिकडे कुणीतरी उंटावर बसलेलं. शेवटी मला माझ्या सासुरवाडीची आठवण झाली. धाकटी डहाणू गावात माझ्या सासूबाई, सोनीबाई, बोंबील वाळवतात. खाडीकाठी बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्यांवर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले असतात. अशा रांगांमागे रांगा. पांढरे, लुळे, आ वासलेले. मी वीस वर्षं ते खात आलो, पण त्यांच्याकडे नीट असं कधी पाहिलं नव्हतं. श्रुतिका जागच्या जागी थबकली आणि म्हणाली, "पप्पा, हाच!"

सासूबाईंनी परवानगी दिली, पण बोट उगारून. "शूटिंग करा, नाचा, काय पायजे ते करा. माझ्या बोंबलांना हात लावायचा नाय. समजलं का, जावयबापू?"

सगळ्या युनिटमधून बोट नेमकं माझ्याकडेच का, हे मला तेव्हा कळलं नाही.

युनिट तसं आटोपशीर होतं. श्रुतिका दिग्दर्शक. तिच्या वर्गातला हार्दिक कॅमेरामन, कारण त्याच्या वडिलांचा फोन चांगला होता. त्याची बहीण रुपल अंतराळवीर, कारण तिच्याकडे चंदेरी रेनकोट होता. परग्रहाचा राजा झोल्टर व्हायचा होता रोशन, वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. पण तो ऐनवेळी मामाच्या लग्नाला तलासरीला निघून गेला. सगळे हताश होऊन वाळूत बसले. मी घसा खाकरला.

"पप्पा, तुम्ही?" श्रुतिका म्हणाली. (या दोन शब्दांत पोटची पोर बापाबद्दल किती काय सांगून जाते!)

पण वेळच तशी होती. मला नीलमच्या पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये गळ्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळलं. त्यावर गाण्यांच्या जुन्या सीड्या चिकटवल्या. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, त्यालाही सीड्या. दोन्ही हात आडवे पसरून उभं राहायचं, कारण खाली घेतले की फॉइल फाटायची. संवाद एकच होता, पण दणदणीत: "पृथ्वीच्या लोकांनो, मागे फिरा! हा ग्रह आमचा आहे!"

मी पूर्ण ताकद लावून म्हटला. हार्दिकने कॅमेरा खाली घेतला.

"काका, असं वाटते के गाडी लेट छे."

खरं होतं. इतकी वर्षं चौकशी खिडकीत गाड्यांच्या घोषणा करत काढल्यावर माझ्या तोंडून काहीही सूचना म्हणूनच बाहेर पडतं. घरी मी भाजीत मीठ कमी आहे असं म्हटलं तरी नीलम म्हणते, "बरं, कोणत्या फलाटावर?" अखेर माझा चेहरा हेल्मेटमध्येच ठेवायचा आणि आवाज नंतर भरायचा, असं ठरलं. त्या संध्याकाळी निम्मा सिनेमा झाला. निम्मा दुसऱ्या दिवशी करायचा होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही पोचलो, मला पुन्हा फॉइलमध्ये गुंडाळलं आणि पाहतो तर काय, परग्रह बदललेला! आदल्या दिवशीचे गुबगुबीत बोंबील उन्हाने आणि वाऱ्याने निम्मे झाले होते. आता रुपल यानातून उतरताना एक ग्रह दिसणार आणि दोन पावलं टाकली की दुसराच.

"संपलं सगळं," श्रुतिका म्हणाली. "ते सर हसतील. म्हणतील, सांगितलं होतं ना, झेपणार नाही म्हणून."

तिने 'झेपणार नाही' म्हटलं आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. (महिन्यात दुसऱ्यांदा. डॉक्टरांना दाखवायला हवं होतं.) हसतील? माझ्या मुलीला? वाळलेली वस्तू ओली केली की फुगते, एवढं विज्ञान मलाही येतं. मी कोपऱ्यातली बादली आणि टमरेल उचललं आणि फॉइलच्या करकराटात एकेका रांगेवर पाणी मारत सुटलो. बोंबील चमकू लागले. मी तीन रांगा उरकल्या आणि मागून आरोळी आली.

"अवो जावयबापू! काय केलंत हे!"

"आई, कंटिन्युइटी आहे—"

"कोण ती? बोलवा तिला इकडं!"

पुढचा भाग मी थोडक्यात सांगतो. सासूबाईंच्या हातात रिकामी टोपली होती. मी पळालो. फॉइल घातलेला माणूस वाळूत फार पळू शकत नाही. वाळत घातलेल्या बोंबलांवर पाणी मारणारा माणूस आपल्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नाही, आणि तो नेमका आपल्याच पोरीच्या पदरी पडला, असं सासूबाई सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या. आणि तो हार्दिक! कॅमेरा बंद करायचा सोडून माझ्यामागे धावत ओरडत होता, "मस्त, काका! हजी दौडो, अजून!"

शिक्षा झाली. भिजलेल्या रांगा पुन्हा वाळेपर्यंत कावळे हाकलायची ड्युटी माझी. तीन दिवस रजा टाकली आणि तोच पोशाख घालून, हात पसरून उभा राहिलो, कारण मधूनमधून श्रुतिकाचं शूटिंग चालूच होतं. एक सांगतो, त्या तीन दिवसांत एकही कावळा फिरकला नाही. सासूबाईंनी ते पाहिलं, पण कौतुक केलं नाही.

घरी सगळे तुकडे जोडून पाहिले. बोंबील जाडे, मग बारीक, मग ओले, मग पुन्हा बारीक. श्रुतिकाने फोन पालथा ठेवला. तेव्हा पोळ्या लाटता लाटता नीलम म्हणाली, "मग त्या ग्रहावरची माणसं वाळतातच, असं दाखव ना. आमच्याकडे काय वेगळं आहे? टिकवायचं तर वाळवायचं."

श्रुतिकाने फोन पुन्हा सुलटा केला. आणि गोष्ट उलगडली! झोल्टरच्या ग्रहावर पाणी संपलंय. तिथली प्रजा जगण्यासाठी स्वतःला वाळवून घेते आणि पाण्याची वाट बघत लटकून राहते. राजाला राहवत नाही, तो उरलंसुरलं पाणी शिंपडून त्यांना उठवतो. पण राजमाता म्हणजे आमच्या सासूबाई त्याच्यावर चालून येतात, कारण वेळेआधी उठवलं तर सगळेच मरतील. मी खरं सांगतो, पूर्ण झालेला सिनेमा मी लागोपाठ तीनदा पाहिला. आपली मुलगी हुशार आहे हे आपण दहा जणांना सांगत फिरतो, पण ते आपल्याला अशा एखाद्या दिवशी कळतं.

तलासरीच्या सभागृहात सिनेमा लागला. समोर बसलेली खेड्यापाड्यातली मुलं राजमाता धावताना किंचाळली आणि प्रजा पुन्हा वाळताना एकदम गप्प झाली. मग निकाल जाहीर झाला. दाढीवाले सर माइकवर आले.

"सर्वोत्कृष्ट माहितीपट: श्रुतिका! बोंबील वाळवण्याच्या पारंपरिक पद्धतीचं इतकं अस्सल चित्रण मी पाहिलं नाही!"

टाळ्या पडल्या. श्रुतिका स्टेजवर गेली. ट्रॉफीला तिने हात लावला नाही.

"सर, हा माहितीपट नाही. ही सायन्स फिक्शन आहे."

"हो, हो, बेटा, तू त्यात कल्पनेची किती छान फोडणी दिली आहेस—"

"फोडणी नाही, सर. तीच भाजी आहे. वाचलं नाही का, सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर लिहिलंय. सायन्स फिक्शन म्हणून द्यायचं असेल तर द्या. नाहीतर मला नको."

आणि खाली उतरली. माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटेल. मी उठलो आणि विनामाइक, चौकशी खिडकीच्या पट्टीत ओरडलो, "बरोबर आहे तिचं!" मागच्या बाकांवरची मुलं ओरडायला लागली, "परत लावा! परत लावा!" थांबेनातच. शेवटी संस्थेच्या लोकांनी सिनेमा पुन्हा लावला. ट्रॉफी टेबलावरच राहिली आणि तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

निघताना सर माझ्याजवळ आले. जरा नरमले होते. "मुलगी तेज आहे हो तुमची. पुढच्या वर्षी सायन्स फिक्शनचा विभाग ठेवावाच लागेल. आणि ते निवेदन तुमचंच ना? फार स्पष्ट."

"निवेदन नाही," मी ताठ मानेने म्हणालो, "संवाद! राजा झोल्टर मीच."

"राजा? कुठे होता?"

"अहो, तो चंदेरी! हात पसरून उभा!"

"ते बुजगावणं?" सर म्हणाले. "उत्तम बनवलंय हं."

मी तडक घर गाठलं. दारात पाऊल टाकतोय तोच नीलमचा फोन वाजला. सासूबाईंचा होता. कावळे परत आले होते, आणि सासूबाईंना तो पोशाख रविवारी हवा होता. कलावंताची कुठेतरी कदर झाली म्हणून मी सुखावलो आणि म्हणालो, "आईंना सांग, येतो मी. रजा टाकतो."

नीलमने फोनवर हात ठेवला. "तुम्ही नका येऊ म्हणते. नुसते कपडे पाठवा. काठीवर अडकवते."

तरी मी रविवारी गेलो. काठी राजासारखी उभी होती. आजूबाजूला एक कावळा नव्हता. शिवाय ती पाणीही मारत नाही, असं सासूबाई म्हणाल्या.